झाकली मूठ : बुडीत कर्जांच्या तरतुदीची कथा

जुन्या बँकांचे वार्षिक अहवाल कुणी जपून ठेवले असतील, तर त्यांतील नफा-तोटा पत्रक एकदा काढून पाहावे. उत्पन्नाच्या मथळ्यातच कंसात लिहिलेले आढळेल, की बुडीत व संशयित कर्जांसाठी आणि ‘नेहमीच्या वा आवश्यक’ बाबींसाठी केलेल्या तरतुदी वजा जाता हे उत्पन्न आहे. वजा किती केले? तो आकडा कुठेच नसे. यात कोणा संचालकाची लबाडी नव्हती. १९४९ च्या बँकिंग कंपनी कायद्याने तिसऱ्या परिशिष्टात घालून दिलेला नमुनाच तसा होता. चांगल्या वर्षी नफ्यातून गुपचूप काही बाजूला काढायचे, वाईट वर्षी त्यातूनच खड्डा भरायचा. ठेवीदाराला दरवर्षी सारखाच शांत, गुळगुळीत नफा दिसायचा. या साठ्याला गुप्त गंगाजळी म्हणत.

या झाकल्या मुठीवर पहिला हात घातला तो बँक कर्मचाऱ्यांनी. १९६० साली त्यांच्या पगाराचा वाद न्यायमूर्ती देसाई यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापुढे गेला. बँकांची पगारवाढ देण्याची खरी ऐपत किती, हे ठरवायचे तर लपवलेली गंगाजळी मोजली पाहिजे, हे म्हणणे साधे होते. पण त्याच वर्षी सरकारने कायद्यात ३४-अ हे कलम घातले. गुप्त गंगाजळी आणि बुडीत कर्जांची तरतूद उघड करण्याची सक्ती बँकेवर करता येणार नाही. हिशेबात ती किती धरावी हे रिझर्व्ह बँक सांगेल, असा त्याचा आशय. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६१ मध्ये हरली.

सरकारची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्याच १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक, दोन्ही बुडाल्या होत्या. ठेवींना विम्याचे संरक्षण आले ते १ जानेवारी १९६२ पासून, तेही माणशी १,५०० रुपयांपुरते. अशा दिवसांत एखाद्या बँकेची बुडीत कर्जे छापून आली असती तर सकाळी दारात रांग लागली असती. पण पडदा दोन्ही बाजूंनी झाकतो. त्यामागे भरलेली पेटी आहे की रिकामी, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर तर विचारण्याची गरजही कुणाला वाटेना. मालक सरकारच! १९८५ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जांची ‘प्रकृती’ आठ वर्गांत मांडायला लावली खरी, पण कोणते कर्ज कोणत्या वर्गात टाकायचे हे बरेचसे बँकेच्याच मर्जीवर होते.

हिशेब कसा फुगे, ते पाहा. एक लाखाच्या कर्जावर सोळा टक्के व्याज. कर्जदाराने छदामही भरला नाही, तरी सोळा हजार त्याच्या नावे टाकायचे आणि बँकेचे उत्पन्न म्हणून दाखवायचे. न आलेल्या पैशांवर कर भरायचा, लाभांश वाटायचा.

हे थांबले नरसिंहम समितीमुळे. तिचा अहवाल नोव्हेंबर १९९१ चा. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने नियम काढले. ताळेबंदाचा नमुनाही बदलला आणि तरतुदीचा आकडा पत्रकात उघड आला. व्याज ठराविक काळ थकले की कर्ज अनुत्पादक. ही मुदत मार्च १९९३ ला चार तिमाही, मग तीन, १९९५ ला दोन आणि मार्च २००४ पासून नव्वद दिवस. संशयित कर्जाचा नियम तेव्हा असा होता : वरच्याच लाखाच्या कर्जामागे साठ हजारांचे तारण असेल, तर उघड्या चाळीस हजारांची पूर्ण तरतूद आणि तारणाच्या भागावर पहिल्या वर्षी वीस टक्के, म्हणजे बारा हजार. एकूण बावन्न हजार नफ्यातून वजा.

मूठ उघडली तेव्हा आत काय निघाले? मार्च १९९३ अखेर सार्वजनिक बँकांच्या दर शंभर रुपये कर्जातले तेवीस थकलेले. कालपर्यंत नफ्यात दिसणाऱ्या या बँकांना १९९२-९३ मध्ये मिळून सुमारे ३,३०० कोटी आणि पुढच्या वर्षी सुमारे ४,३०० कोटींचा तोटा झाला. न्यू बँक ऑफ इंडिया १९९३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेत विलीन करावी लागली. १९९३-९४ मध्ये सरकारने ५,७०० कोटींचे भांडवल ओतले, तेही रोख्यांच्या रूपात. बँकेला दिलेले भांडवल त्याच रोख्यांत अडकलेले. ते शेवटी करदात्याकडूनच फिटायचे होते.

खाजगी छोट्या बँकांना असा वाली नव्हता. आपल्या सीमेलगतच्या कृष्णाकाठची, १९२० साली निघालेली गणेश बँक ऑफ कुरुंदवाड घ्या. तरतुदी भागवता भागवता भांडवल आटले, जानेवारी २००६ मध्ये व्यवहारांवर स्थगिती आली, पैसे काढायला मर्यादा पडली आणि त्याच वर्षी ती फेडरल बँकेत गेली.

तरीही झाकण्याची हौस संपली नाही. कर्जाची ‘पुनर्रचना’ करून ते उत्पादकच दाखवण्याची सवलत पुढे मुबलक वापरली गेली. २०१५ मध्ये रघुराम राजन यांच्या कारकिर्दीत रिझर्व्ह बँकेने स्वतःच मोठ्या कर्जांची वही तपासली, आणि मार्च २०१८ पर्यंत सर्व बँकांच्या थकलेल्या कर्जांचे प्रमाण अकरा टक्क्यांवर गेले. जानेवारी २०२३ मध्ये तिने एक चर्चापत्र काढले. कर्ज थकण्याची वाट न पाहता, देतानाच त्यातले किती बुडेल याचा अंदाज बांधून तरतूद करावी, असा त्यातला प्रस्ताव होता. तो अंदाज बांधायचा होता मात्र बँकांनीच.