शेवटून वाचायचा पत्ता

धुळ्यात रिक्षावाल्याला घराचं नाव सांगून फारसा उपयोग होत नाही. "कथा जानं शे, भाऊ?" असं तो विचारतो आणि उत्तर आकड्यात हवं असतं. पाचवी गल्ली म्हटलं की रिक्षा हलते. १८१९मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचं मुख्य ठाणं म्हणून धुळं निवडलं आणि जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली. आग्रा रोडलगतच्या गल्ल्या इथे नंबरांनीच ओळखल्या जातात. त्यामुळे संगणकाचा पत्ता म्हणजे चार आकडे आणि मध्ये टिंबं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही.

इंटरनेटचा उगम शोधायला लोक कॅलिफोर्नियाला जातात. तिथवर जावं लागतंच, पण निम्मी वाट टपालाच्या पिशवीतून जाते.

जुन्या पोस्टकार्डावरचा पत्ता आठवा. मुक्काम पोस्ट पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे. पिंपळनेर बीडकडेही आहे. शिरपूर आमच्या जिल्ह्यात आहे तसं वाशीमकडेही आहे. पण गावाचं नाव जगात एकमेव असण्याची गरजच नसते, आपल्या तालुक्यात ते एकटं असलं की भागतं. आपण पत्ता लिहितो माणसाकडून जिल्ह्याकडे, टपालखातं मात्र वाचतं जिल्ह्याकडून माणसाकडे. रेल्वेच्या डाकेच्या डब्यात उभ्याने पत्रं खणांत टाकणारा सॉर्टर पहिल्या ओळीतल्या आडनावाकडे बघतसुद्धा नसे. त्याला शेवटची ओळ पुरे.

ती शेवटची ओळ आकड्यांत आणली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. ते केंद्राच्या दळणवळण मंत्रालयातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावं, निरनिराळ्या लिप्या आणि दिव्य हस्ताक्षरं यांवर उतारा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. धुळ्याला ४२४००१ मिळाला, जळगावला ४२५००१.

इथे खानदेशी माणसाने जरा थांबावं. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण त्याचा पिन ४२४१०१. पाचोऱ्याचा ४२४२०१. उलट शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन ४२५४०५. दोंडाईचा ४२५४०८. म्हणजे जळगाव जिल्ह्यातली गावं धुळ्याच्या आकड्याखाली आणि धुळे जिल्ह्यातली जळगावच्या. कुणा कारकुनाची चूक वाटावी असा प्रकार! पण जिल्ह्याचा नकाशा बाजूला ठेवून रेल्वेचा उघडला की उलगडा होतो, निदान माझा तर्क तसा आहे. धुळ्याला रेल्वे येते ती चाळीसगावहून, फाट्याने. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार ही गावं सुरतेच्या लाइनवर ओळीने बसलेली, आणि त्यांचे पिनही ४२५४ने सुरू होतात. शिरपूरला रेल्वे नाही, पण जवळचं स्टेशन नरडाणा. हे दोन्ही मार्ग १९००च्या सुमाराचे. १९०६मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळं झालं. नंदुरबारचा पिन मात्र होता तोच राहिला, ४२५४१२. पिशवी ज्या वाटेने जाते ती वाट आकडा सांगतो. कलेक्टर कुठे बसतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

इंटरनेटचे आकडेही असेच वागतात. ज्यांचे सुरुवातीचे आकडे सारखे, ते पत्ते एका जाळ्यातले, आणि जाळ्याच्या सीमा तारांनी ठरतात, महसूलखात्याने नव्हे. म्हणून नकाशावर फोनचं ठिकाण कधी कधी मुंबई दिसतं आणि आपण बसलेलो असतो धुळ्यातल्या देवपुरात.

टपाल आणि इंटरनेट यांच्यामधला दुवा एसटीडीचा, म्हणजे परगावी थेट फोन लावायच्या सोयीचा. भारतात ही सोय १९६०मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली. मुंबईचा कोड ०२२, जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२. शहर मोठं तेवढा कोड आखूड, कारण शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहाच आकडे बसवायचे. कोड आखूड असला की नंबरांना जागा जास्त उरते. इंटरनेटवर कंपन्यांना पत्त्यांचे गठ्ठे वाटतात ते याच हिशेबाने. पण टेलिफोनची एक खोड होती. बोलणं चालू असेपर्यंत अख्खी वाट तुमच्या नावावर अडकलेली, मग तुम्ही बोला नाहीतर नुसते श्वास घ्या.

ही खोड मोडायची युक्ती साठच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांना वेगवेगळी सुचली. निरोपाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घाला आणि सोडून द्या. २९ ऑक्टोबर १९६९ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द निघाला. एल आणि ओ पोचले आणि यंत्र कोसळलं. पुढे विंट सर्फ आणि बॉब कान यांनी तुकड्यांचे नियम घातले आणि १ जानेवारी १९८३पासून ते सगळ्या जाळ्यावर लागू झाले. वाटेतल्या यंत्राला संपूर्ण मार्ग ठाऊक नसतो. हा तुकडा पुढच्या कुठल्या पिशवीत टाकायचा एवढंच ते जाणतं, डाकेच्या डब्यातल्या सॉर्टरसारखं. तुकडे पोचले की पोच परत येते. नाही आली तर पाठवणारा तुकडा पुन्हा टाकतो. फोनवरच्या गप्पा असतील तर पोचेची वाट बघण्यात वेळ घालवत नाहीत, साधं टपाल चालतं.

ई-मेलमधलं @ हे चिन्ह रे टॉमलिन्सन यांनी १९७१मध्ये नेमलं. मला ते 'मु. पो.' वाटतं. त्याच्या उजवीकडे ठिकाण आणि डावीकडे माणूस. वाटेतली यंत्रं फक्त ठिकाण बघतात. माणूस शोधायचा तो शेवटच्या पोस्टाने.

आता नावांचं. सुरुवातीला जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि नंबर एकाच यादीत असत. ती यादी स्टॅनफर्डच्या त्याच संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखाली ठेवली जाई. नवं यंत्र आलं की त्यांच्याकडे कळवायचं. यंत्रं वाढली तसा हा एकहाती कारभार टिकेना. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी तोडगा काढला, तो थेट मु. पो. ता. जि.चा. एकच यादी नको. जो तो आपल्या तालुक्यापुरतं दप्तर ठेवील.

'धुळे डॉट गव्ह डॉट इन' असं फोनवर टाकलं की वाचन शेवटून सुरू होतं. आधी मूळ दप्तराला विचारायचं, 'इन' कोण सांभाळतं? ते दाखवतं 'इन'च्या दप्तराकडे. तिथून 'गव्ह'कडे आणि तिथून धुळ्याकडे. हाती येतो नंबर, आणि मग तुकडे निघतात. दर वेळी एवढे हेलपाटे नकोत म्हणून मधलं यंत्र उत्तर ठरावीक काळ लक्षात ठेवतं, जुन्या पोस्टमनला घरं पाठ असत तसं. संस्कृतात विलोमकाव्य नावाचा प्रकार आहे. सूर्य दैवज्ञ या कवीचा श्लोक सरळ वाचला तर रामकथा, उलट वाचला तर कृष्णकथा. पत्त्याला एवढी करामत जमत नाही, तो उलटच वाचायचा. ब्रिटिश विद्यापीठांनी ऐंशीच्या दशकात देश आधी आणि यंत्र शेवटी असा सरळ क्रम चालवून पाहिला होता. जगाने ऐकलं नाही.

'इन' हे भारताचं दप्तर १९८९मध्ये उघडलं आणि ते होतं मुंबईत, जुहूला. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था, श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. २००५पर्यंत देशाच्या नावांची वही तिथेच होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ला. पिन कोडचीच तारीख, २३ वर्षांनी. सुरुवात महानगरांतून झाली, आम्ही रांगेत बरेच मागे होतो.

तोवर एक अडचण दिसू लागली होती. जुन्या पद्धतीचे आकडी पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, आणि ३ फेब्रुवारी २०११ला मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. आकडी पत्त्यांची नवी, प्रचंड मोठी पद्धत तयार होती, पण जुनं चालू ठेवायचं तर जुगाड हवा. तो आम्हाला ओळखीचा आहे. साक्री किंवा शिंदखेड्याकडून शिकायला आलेला मुलगा धुळ्यात खोली घेई आणि त्याच्या पत्रावर लिहिलेलं असे, द्वारा श्री. अमुक. पोस्टमन घरमालकापर्यंत आणून टाकी, आत कोणाचं ते घरमालक बघे. घरातला वायफायचा डबा हाच घरमालक. बाहेर एक नंबर आणि आत दहा फोन, सगळे 'द्वारा'. मोबाइल कंपन्या तर एका नंबराआड हजारो ग्राहक ठेवतात.

२०१४मध्ये 'डॉट भारत' देवनागरीत आलं. मराठीत नाव लिहा, चालतं. पण तारेतून जाताना ते रोमन वेश घेतं: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच २ बी आर जे ९ सी. एवढं सगळं म्हणजे 'भारत'. जुन्या यंत्रांना तीच अक्षरं कळतात. वेलणकरांना हस्ताक्षरांची चिंता होती, इथे लिपीचीच आली.

आणि मे २०२५मध्ये टपालखात्याने डिजिपिन काढला. अख्ख्या देशाचे साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन, प्रत्येकाला दहा अक्षरा-आकड्यांचा पत्ता. गल्ली नको, तालुका नको. ब्रिग्जच्या आखणीवर आता हे बारीक जाळं पसरलं आहे. फक्त आमच्या गल्लीतली घरं तीन मजली आहेत आणि चौकोन जमिनीवर आखलेला. खाली दुकान, मध्ये मालक, वर भाडेकरू, तिघांचा डिजिपिन एक. वरच्या मुलाचं पार्सल अजून दुकानातच येतं आणि खोक्यावर त्याच्या नावाखाली लिहिलेलं असतं, द्वारा.