गोष्टीचा परवाना

'बेलाडोना ऑफ सॅडनेस' हा १९७३ सालचा जपानी अ‍ॅनिमेशनपट बघून झाला की लोक दोनपैकी एक वाक्य बोलतात. "चित्रं अफाट आहेत राव, पण स्टोरीत काही दम नाही." किंवा मग, "स्टोरी कशाला पाहिजे? चित्रं बघ ना!" मी हा सिनेमा ज्यांना ज्यांना बघायला लावला (त्यातले बरेचसे अजून माझ्याशी बोलतात :)) त्यांच्यात अशा सरळ दोन पार्ट्या पडल्या. मला दोन्ही पार्ट्या अर्धवट वाटतात. या सिनेमात गोष्ट म्हणजे चित्रांसाठी काढलेला परवाना आहे. हा परवाना कुठे चालतो आणि कुठे बाद होतो, हे बघण्यात खरी गंमत आहे. आणि थोडा त्रासही.

आधीच सांगून ठेवतो. कार्टून आहे म्हणून घरात सगळ्यांसमोर लावू नका. सुरुवातीलाच बलात्काराचं दृश्य आहे, आणि नंतरही बरंच काही आहे.

तर, सुरुवात पैशापासून करू, कारण बहुतेक कलांची तिथूनच होते. 'अ‍ॅस्ट्रो बॉय'वाल्या ओसामू तेझुकाने १९६१ साली मुशी प्रॉडक्शन हा स्टुडिओ काढला. १ जानेवारी १९६३ पासून 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला टीव्हीवर येऊ लागला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचं अ‍ॅनिमेशन, तेही तोट्याच्या भावात विकलेलं! मग जुगाड आलेच. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, त्यांत आठच नवी चित्रं भरायची. माणूस बोलताना फक्त ओठ हलवायचे. चित्र स्थिर ठेवून कॅमेराच त्याच्यावरून सरकवायचा. एकदा काढलेली सेल्स जपून ठेवायची आणि पुढच्या भागांत परत वापरायची. याला ते 'बँक' म्हणत, आपल्या भाषेत कोड लायब्ररी. डेडलाइन आणि बजेट यांच्या कात्रीत सापडलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं.

पण तेझुकाला मोठ्यांसाठीही सिनेमे करायचे होते. 'अ‍ॅनिमेरामा' या नावाखाली पहिला आला १९६९ साली, 'अ थाउजंड अँड वन नाइट्स'. दिग्दर्शक एइची यामामोतो. तो चालला. १९७० साली 'क्लिओपात्रा' आला, तेझुका आणि यामामोतो या दोघांच्या दिग्दर्शनात, आणि पडला. 'क्लिओपात्रा'मध्ये गोष्ट ठासून भरली आहे. भविष्यकाळातून भूतकाळात जाणारी माणसं, राजकारण, प्रेम, गॅग्ज, वर सीझरचा खून काबुकी नाटकासारखा. म्हणजे प्लॉट कमी म्हणून अ‍ॅनिमेरामा फसला, असं कोणी म्हणू नये. मला तो सिनेमा अर्ध्यातच कंटाळवाणा झाला. शृंगाराला दर दोन मिनिटांनी विनोदाची टपली मारली, की शृंगारही राहत नाही आणि विनोदही.

१९७१ साली तेझुका मुशीच्या अध्यक्षपदावरून बाजूला झाला. स्टुडिओ डबघाईला आलेला, माणसं सोडून चाललेली. अशा वेळी यामामोतोने तिसरा सिनेमा केला, तेझुकाशिवाय. कुनी फुकाई या चित्रकाराने जलरंगांत चित्रं केली आणि अ‍ॅनिमेशनची बाजू गिसाबुरो सुगीने सांभाळली (याच सुगीने पुढे १९८५ साली 'नाइट ऑन द गॅलॅक्टिक रेलरोड' केला). मासाहिको सातोचं जॅझ-रॉक संगीत. सैतानाला आवाज तात्सुया नाकादाईचा, म्हणजे कुरोसावाच्या 'रान'मधला म्हातारा राजा.

या सिनेमात बराच वेळ काहीच हलत नाही. एक लांबलचक चित्र असतं आणि कॅमेरा त्याच्यावरून सरकत राहतो. टीव्हीसाठी पैसे वाचवायला काढलेली तीच युक्ती! पण इथे ती जपानमधल्या जुन्या गुंडाळी-चित्रांची, एमाकीची आठवण करून देते. गुंडाळी उलगडत जावी तशी गोष्ट पुढे जाते. क्लिम्ट, एगॉन शीले, बिअर्ड्सली यांच्या रेषा जागोजागी डोकावतात. आणि शांत पडलेलं चित्र अचानक हलायला लागतं तेव्हा अंगावर काटा येतो, कारण त्या हलण्याची आपल्याला सवयच राहिलेली नसते. दारिद्र्यातून निघालेली शैली म्हणतात ती ही.

आता परवान्याकडे. जपानच्या १९०७ सालच्या दंडसंहितेतलं कलम १७५ अश्लील मजकूर आणि चित्रं पसरवण्याला गुन्हा ठरवतं. १९५७ साली 'लेडी चॅटर्लीज लव्हर'च्या जपानी अनुवादाचा खटला तिथल्या सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. कोर्टाचं म्हणणं असं, की पुस्तक कलाकृती आहे हे मान्य, पण कलाकृती अश्लीलही असू शकते. झालं, शिक्षा कायम. १९६९ साली, म्हणजे पहिला अ‍ॅनिमेरामा आला त्याच वर्षी, मार्की द सादच्या एका अनुवादावरही शिक्षाच झाली. पण या वेळी कोर्ट म्हणालं, की तुकडा सुटा न बघता अख्ख्या कृतीच्या संदर्भात बघायला हवा. १९८० साली आणखी एका खटल्यात निकष नीट मांडले गेले. वर्णन किती उघड आहे, एकूण मजकुरात त्याचं प्रमाण किती, मांडलेल्या विचाराशी त्याचा संबंध काय, रचना आणि कथेचा विस्तार कसा आहे, वगैरे. म्हणजे गोष्ट ही कायद्याच्या वहीतली एक नोंदच होऊन बसली.

गंमत म्हणजे ज्या देशात हे चाललं होतं, तिथे एदो काळातल्या शुंगा चित्रांना अशा परवान्याची गरज वाटली नव्हती. होकुसाईचं १८१४ सालचं ऑक्टोपस आणि पाणबुडी बाईचं चित्र बघा. कथानक नाही, संदेश नाही. बाजूला संवाद खरडलेले, तेही चावटच. (याच शुंगाचं मोठं प्रदर्शन २०१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झालं आणि तोक्योत २०१५ साली. लंडनचा नंबर आधी लागला.)

त्याच सुमारास निक्कात्सु स्टुडिओने बरोब्बर उलटा व्यवहार केला. १९७१ च्या नोव्हेंबरपासून त्यांचे 'रोमान पोर्नो' सिनेमे सुरू झाले. दिग्दर्शकांना अट एकच, साधारण दर दहा मिनिटांनी शृंगाराचं दृश्य हवं. बाकी तुम्ही काहीही करा. तात्सुमी कुमाशिरोसारख्या दिग्दर्शकाने त्या 'काहीही'चं सोनं केलं. तिथे शृंगार हा गोष्टीचा परवाना होता. 'बेलाडोना'त गोष्ट ही शृंगाराचा परवाना झाली.

आणि तो परवाना आणला कुठून? थेट फ्रान्सहून. ज्यूल मिशले या इतिहासकाराचं १८६२ सालचं 'ला सॉर्सिएर', म्हणजे 'चेटकीण', हे पुस्तक सिनेमाचा आधार आहे. मिशलेच्या मते मध्ययुगातली चेटकीण म्हणजे सरंजामदार आणि चर्च यांच्याखाली पिचलेल्या शेतकऱ्यांची वैद्य आणि बंडखोर बाई. बेलाडोना ही विषारी वनस्पती ती औषध म्हणून वापरते. (आपल्याकडे होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांमुळे हे नाव घरोघरी पोचलंय, पण ती गोष्ट वेगळी.) पुस्तकाच्या दुसऱ्या भागात लुदाँसारखे खरेखुरे खटले आहेत. पहिल्या भागात मात्र मिशले एक युक्ती करतो. जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास तो एकाच बाईच्या आयुष्यासारखा सांगतो, आणि हा धागा आपण कल्पनेने ओवलाय हे लपवतही नाही.

हे वाचलं आणि सिनेमाच्या 'दम नसलेल्या' स्टोरीचं कोडं मला सुटलं. झान आणि झां हे गरीब जोडपं. लग्नाचा कर भरता येत नाही म्हणून जमीनदार आणि त्याचे दरबारी झानवर बलात्कार करतात. मग सैतान येतो, अगदी बोटाएवढा, आणि तिच्या संतापाबरोबर वाढत जातो. पुढे नवरा वसुली करणारा होतो, वसुली कमी पडली म्हणून त्याचा हात तोडला जातो, तिला चेटकीण ठरवून हाकललं जातं, प्लेग येतो, ती लोकांना बरं करते, शेवटी तिला जाळतात. एका बाईच्या आयुष्यात हे सगळं बसत नाही, कारण ते एका बाईचं आयुष्य नाहीच. निबंधाला साडी नेसवून नायिका केली आहे. तीनशे वर्षांची फाइल झिप केली की काही सांधे दिसणारच.

निबंध म्हणूनही तो आज जुना झाला आहे. चेटकिणींची मोठी धरपकड प्रामुख्याने पंधराव्या ते सतराव्या शतकातली. आणि जमीनदाराचा 'पहिल्या रात्रीचा हक्क' हा कायदेशीर हक्क म्हणून कधी होताच असा पुरावा नाही. अलँ बुरो या फ्रेंच इतिहासकाराने १९९५ साली यावर अख्खं पुस्तक लिहून ती दंतकथा कशी तयार झाली ते दाखवलं. जमीनदार बलात्कार करत नव्हते असा याचा अर्थ अजिबात नाही. त्यासाठी त्यांना कायद्याची गरज नव्हती, एवढंच.

आता मूळ प्रश्न. सुंदर चित्र त्या अत्याचाराला माफ करतं का? पहिल्या दृश्यापुरतं माझं उत्तर 'नाही' असं आहे. तिथे झानचं शरीर लाल रंगाने उभं चिरत जातं आणि त्यातून लाल वटवाघळं उडतात. बघणाऱ्याला सुख मिळेल असं तिथे काही ठेवलेलंच नाही. लगेच पुढे ती घरी येते, नवरा म्हणतो विसरून जाऊ, आणि त्याचेच हात तिच्या गळ्याकडे जातात. इथे चित्र जे करतं ते गोष्टीशिवाय झालं नसतं, आणि गोष्ट जे सांगते ते साध्या चित्रणात इतकं लागलं नसतं. प्लेगचं दृश्यही तसंच. घरं आणि चेहरे मेणासारखे वितळतात, तेवढ्या वेळात शतकभराचं भय दिसतं.

पण मधला मोठा भाग? सैतानाबरोबरचा करार, रानातले उत्सव, फुलं होणारी शरीरं... तिथे गोष्ट पार्किंगमध्ये उभी असते. झान मुक्त झाली असं निवेदन सांगतं आणि कॅमेरा मात्र जमीनदाराने बघितलं असतं तसंच तिच्या अंगाकडे बघत राहतो. चित्रं तितकीच देखणी आहेत, कदाचित जास्तच, पण मला ती भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी वाटतात. परवाना आहे, गाडीत माल दुसराच. 'चित्रं बघ ना' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना नेमका हाच भाग आवडतो, आणि यावरून आमची दरवेळी जुंपते.

नागिसा ओशिमाने हा परवाना घ्यायचंच नाकारलं. 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस' (१९७६) या त्याच्या सिनेमाची पटकथा आणि फोटो पुस्तकात छापले म्हणून खटला झाला, तेव्हा 'ही कला आहे, अश्लील नाही' असा सोपा बचाव त्याने केला नाही. अश्लील असायला हरकत काय, असा उलटा सवाल त्याने टाकला. १९८२ साली तो सुटला. यामामोतोकडे ही ऐट नव्हती.

'बेलाडोना' ३० जून १९७३ ला जपानमध्ये लागला, त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवातही होता. धंदा काही झाला नाही. नोव्हेंबरात मुशीचं दिवाळं वाजलं. पुढे कधीतरी मूळ निगेटिव्हवरच कात्री चालली आणि आठ मिनिटांहून जास्त भाग गेला, त्यात उघडी आणि विक्षिप्त चित्रंच जास्त. कथानक वाचलं! २०१६ साली अमेरिकेत सिनेमा लागला तो फोर-के रिस्टोरेशन होऊन, तुकडे परत जोडून. यामामोतो २०२१ साली गेला, म्हणजे हे त्याला बघायला मिळालं.

त्या प्रतीच्या शेवटी झानला जाळतात. गर्दीतल्या बायका बघत असतात आणि एकेकीचा चेहरा झानचा होत जातो. नंतर निवेदन १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीचा दाखला देतं आणि पडद्यावर येतं दलाक्रवाचं 'लिबर्टी लीडिंग द पीपल'. आता हे चित्र १८३० सालच्या जुलै क्रांतीचं, ८९ चं नव्हेच. पण तारखेची चूक मी सोडून देतो. मला खटकतं ते असं, की जाळलेल्या बाईला शेवटच्या मिनिटाला संग्रहालयाचा शिक्का मारून घेतलाय. बायकांचे चेहरे संपले की मी पॉज करतो. घरी सोबत कोणी बघत असलं तरी.