चहाचा सुरुंग

मधुमेह झाला की माणसाला इतिहासाची गोडी लागते. कारण दुसरी गोडी बंद झालेली असते.

आमच्या चाकणला इतिहासाची टंचाई नाही. १६६० साली शाहिस्तेखान प्रचंड फौज घेऊन संग्रामदुर्गापुढे येऊन बसला. किल्ला भुईकोट, तोही लहानसा. पण फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी खानाने जमिनीखालून सुरुंग खणला आणि बुरूज उडवला.

साखरेचंही तंतोतंत तसंच. लग्नातली जिलबी वाजतगाजत येते. तिला आपण दारातच अडवतो. सुरुंग खणतो तो चहा! कंपनीत तीन, घरी दोन, बाजारात कांद्याचा भाव ऐकताना एक; प्रत्येकात दोन चमचे. बुरूज उडाल्याचं रक्ततपासणीच्या कागदावरच कळतं.

हा रोग साहेबाने आणला म्हणावं, तर तीही सोय नाही. सुश्रुताने प्रमेहावर उपाय सांगून ठेवलाय: निर्धन रोग्याने छत्री-पादत्राणांशिवाय शंभर योजनं चालावं. नाहीतर नांगर धरावा किंवा विहीर खणावी. आमच्या आजोबांनी सुश्रुत न वाचताच विहीर खणली, आणि सणाला पुरणपोळ्यांची चळत रिचवली. पुढे १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला, मागोमाग इतर आले. शेतं गेली, कुदळ गेली. चळत मात्र वारसाहक्काने आमच्याकडे राहिली.

१९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्सनी कुठलं अन्न रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतं, याचे आकडे मांडले. त्या हिशेबात पांढरा पाव वर, तर हरभऱ्याची डाळ अगदी खाली! हे वाचून मी पुरणाला हात जोडले. सौ. म्हणाली, "डाळीएवढाच गूळ असतो त्यात. आणि गूळ म्हणजे काही साखरेचा संन्यासी भाऊ नव्हे."

अखेर तह झाला. चहा बिनसाखरेचा. सणाला पोळी एकच, तीही भाताच्या बदल्यात; आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, वर चांगली वीस मिनिटं चालणं. दोन तासांनी बोटाला सुई टोचून यंत्राकडून तहाची तपासणी. (गोळ्या-इन्शुलिन चालू असलेल्यांनी आपला तह डॉक्टरांच्या साक्षीनेच करावा.) गंमत म्हणजे चळतीतली पाचवी पोळी कधी लक्षात राहिली नव्हती, ही एकुलती एक मात्र पुढच्या सणापर्यंत जिभेवर राहते.

संग्रामदुर्गाचे बुरूज आता पडके आहेत. माझे अजून उभे आहेत. फक्त कुणी आग्रहाने "अर्धाच कप घ्या हो!" म्हणालं, की मला जमिनीखालून कुदळींचा आवाज येऊ लागतो.