अ नाइट्स टेल : पार्श्वसंगीत

ब्रायन हेल्गेलँड यांच्या २००१ सालच्या या चित्रपटाचे कथानक चौदाव्या शतकातील युरोपात घडते, गाणी मात्र प्रामुख्याने १९७० च्या दशकातील रॉक संगीताची आहेत. पार्श्वसंगीत कार्टर बर्वेल यांचे. भालाझुंजीच्या आरंभी प्रेक्षक क्वीन या वाद्यवृंदाच्या ‘वुई विल रॉक यू’वर ठेका धरतात.

संगीतदृष्ट्या सर्वांत मोलाचा प्रसंग मेजवानीतील नृत्याचा. गेल्डरलँडचा सरदार म्हणवणाऱ्या नायकाला तिथले नृत्य करून दाखवावे लागते. जुन्या धाटणीच्या वाद्यांवर संथ, मोजूनमापून टाकलेली पावले सुरू होतात. हळूहळू लय सैलावते आणि तेच नृत्य डेव्हिड बोवी यांच्या ‘गोल्डन इयर्स’मध्ये (१९७५) मिसळून जाते. असा सांधा जुळवताना दोन्हीकडची पट्टी आणि लय मिळवावी लागते, शिवाय प्राचीन वाद्यांच्या नाजूक नादामागून ड्रम व विद्युत गिटार कुठे शिरू द्यायचे हेही ठरवावे लागते. इथे तो बेमालूम साधला आहे.

या मिश्रणाला कालविपर्यासाचा दोष देणे योग्य नाही. ऐतिहासिक चित्रपटांत सर्रास वाजणारा सिंफनी वाद्यवृंदही चौदाव्या शतकात नव्हता.