सापेक्ष गतीचे आलेखन
रडारच्या पडद्यावर आपले जहाज सामान्यतः मध्यबिंदूशी स्थिर दिसते. सरकतो तो दुसऱ्या जहाजाचा ठिपका. दर ६ मिनिटांनी त्याची जागा आलेखनपत्रावर टिपून बिंदू जोडले की सापेक्ष गतीची रेषा मिळते. ती मध्यातून जात असेल आणि कोणीच दिशा वा वेग बदलला नाही, तर टक्कर ठरलेली. एरवी मध्यापासून तिच्यावर टाकलेला लंब म्हणजे दोहोंतील किमान अंतर. ही रेषा त्या जहाजाची खरी दिशा मात्र नव्हे. त्यासाठी आपल्या वेगाचा सदिश तीत मिळवावा लागतो.

२५ जुलै १९५६ च्या रात्री नॅन्टकेटजवळील धुक्यात ‘आंद्रेआ दोरिया’ या इटालियन जहाजावर रडार होते, आलेखन झाले नाही. स्वीडनचे ‘स्टॉकहोम’ त्यावर आदळून ५१ जण दगावले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील सातव्या नियमानुसार रडार असल्यास आलेखन किंवा तत्सम पद्धतशीर निरीक्षण बंधनकारक आहे.