बँडी, हंगेरी आणि एक गैरहजर संघ

जुन्या क्रीडास्पर्धांच्या नोंदी चाळताना माझी एक खोड आहे. जिंकले कोण यापेक्षा यादीत कोण नाही, हे मी आधी पाहतो. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही; पण या खोडीने मला अनेकदा वाट दाखवली आहे. बँडी या आपल्याकडे जवळजवळ अपरिचित खेळाच्या पहिल्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत मी असाच अडकलो.

आधी खेळ समजून घेऊ. फुटबॉलच्या मैदानाएवढे बर्फाचे पटांगण, दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू, पायांत स्केट्स, हातात टोकाशी वाकलेली काठी आणि एक लहान, टणक चेंडू. पूर्वार्ध ४५ मिनिटांचा, उत्तरार्धही तेवढाच. आइस हॉकीत रबराची चकती असते, मैदानही लहान. इथे चेंडू आणि मोकळी, दूरवर पसरलेली जागा. गोलरक्षकाकडे काठी नसते, हातापायांनीच चेंडू अडवायचा. पूर्व इंग्लंडमधल्या पाणथळ प्रदेशात, हिवाळ्यात गोठलेल्या कुरणांवर हा खेळ वाढला आणि १८८२ मध्ये त्याचे नियम छापले गेले. पुढे इंग्लंड तो विसरले. जिथे हिवाळा भरवशाचा, त्या उत्तरेकडील देशांत तो टिकला.

१९५५ मध्ये स्वीडन, फिनलंड, नॉर्वे आणि सोव्हिएत युनियन या चार देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. रशियात हा खेळ ‘रशियन हॉकी’ म्हणून थोड्या वेगळ्या नियमांनी खेळला जाई, म्हणजे आधी नियम जुळवणे आले. शीतयुद्धाच्या ऐन भरात चार देशांनी चेंडू आणि काठीबद्दल एकमत करावे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

फिनलंडच्या फुटबॉल संघटनेला ५० वर्षे झाली, त्या निमित्ताने १९५७ च्या फेब्रुवारीअखेर हेलसिंकीत पहिली विश्वस्पर्धा भरली. संघ आले तीन. नॉर्वे नव्हता.

कारण बर्फाशी संबंधित नव्हते. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधला उठाव चिरडला होता, आणि त्याच्या निषेधार्थ नॉर्वेचा संघ गेला नाही. हंगेरीसाठी नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड यांनी मेलबर्न ऑलिंपिककडेही पाठ फिरवली होती. पण तिथे साठाहून अधिक देश असल्याने ती पोकळी भरून निघाली. बँडीत चारांतला एक गेला की पाव जग गेले.

नॉर्वे ‘नाटो’चा संस्थापक सदस्य, शिवाय उत्तरेला सोव्हिएत युनियनशी सीमा लागलेली. फिनलंडची सीमा तर कितीतरी लांब, त्यात १९४८ चा मैत्री करार. यजमानपद सोडणे त्याला परवडणारे नव्हते. स्वीडन तटस्थ. त्याच दिवसांत मॉस्कोत आइस हॉकीची विश्वस्पर्धा चालू होती. अमेरिका आणि कॅनडा तिथे गेले नाहीत. स्वीडन गेला आणि जिंकूनही आला. गेलेल्यांना भित्रे आणि न गेलेल्यांना शूर ठरवण्याची घाई मला करावीशी वाटत नाही. नकाशा समोर ठेवला की प्रत्येकाची अडचण दिसते.

हेलसिंकीत सोव्हिएत संघ जिंकला आणि १९७९ पर्यंतच्या सलग ११ स्पर्धा त्यानेच जिंकल्या. नॉर्वे १९६१ च्या दुसऱ्या स्पर्धेपासून आला. ही साखळी स्वीडनने १९८१ मध्ये तोडली, तीही खाबारोव्स्कला, रशियाच्या अतिपूर्वेकडील शहरात जाऊन. १९८५ मध्ये अमेरिका आली, तोवर चौघांचेच घर होते.

मग १९९१ चा मार्च. गाव पुन्हा हेलसिंकी, संघ आता आठ. आणि त्या आठांत चक्क हंगेरी! जिच्यासाठी ३४ वर्षांपूर्वी एक जागा रिकामी राहिली होती, ती स्वतःच मैदानात उतरली. सोव्हिएत फौजेची शेवटची तुकडी हंगेरीतून बाहेर पडली ती त्याच वर्षीच्या जूनमध्ये. म्हणजे हे सामने झाले तेव्हा ती फौज अजून पुरती निघालेली नव्हती. स्पर्धा सोव्हिएत युनियननेच जिंकली. डिसेंबरमध्ये तो देशच उरला नाही. क्रीडानोंदींत हे सारे आकड्यांच्या एका कोष्टकात मावते, पण त्या कोष्टकावर मी बराच वेळ थबकलो.

खेळ आणि राजकारण वेगळे ठेवावे, असे आपण सवयीने म्हणतो. बँडीला ती चैन कधी मिळालीच नाही, कारण या घरात माणसे मोजकी. २००३ पासून स्पर्धा दरवर्षी होऊ लागली, देश वाढले, तरी खरी झुंज रशिया आणि स्वीडन यांच्यातच राहिली. मध्ये २००४ मध्ये फिनलंडने एकदाच बाजी मारली. महासाथीमुळे रखडलेली स्पर्धा २०२२ मध्ये रशियातील कोमी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, सिक्तिवकारला व्हायची होती. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ती रद्द झाली. २०१९ नंतरची पुढची विश्वस्पर्धा २०२३ मध्ये स्वीडनमध्ये भरली. या वेळी यादीत रशिया नव्हता.