अल-मुन्किझ मिन अझ-झलाल

अल-मुन्किझ मिन अझ-झलाल (अर्थ : भ्रमातून सोडवणारा) हा इस्लामी धर्मशास्त्रज्ञ, विचारवंत व सूफी अबू हमीद मुहम्मद अल-गझाली (१०५८–११११) यांचा अरबी भाषेतील आत्मकथनपर ग्रंथ आहे. तो त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर लिहिला. शंकेला जागाच उरणार नाही असे ज्ञान मनुष्याला मिळू शकते काय, आणि मिळत असेल तर ते इंद्रिये, बुद्धी व परंपरा यांपैकी कशातून मिळते, हा या ग्रंथाचा मुख्य प्रश्न आहे. बुद्धीच्या पलीकडे ज्ञानाची आणखी एक अवस्था आहे, असे उत्तर गझाली देतात. मात्र ‘बुद्धीच्या पलीकडे’ म्हणजे ‘बुद्धीच्या विरुद्ध’ नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे या ग्रंथाविषयी बरेच गैरसमज झाले आहेत.

पार्श्वभूमी

गझाली यांचा जन्म खोरासान प्रांतातील तूस येथे झाला. हे ठिकाण आजच्या इराणमधील मशहद शहराजवळ आहे. निशापूर येथे अल-जुवैनी (मृत्यू १०८५) या विख्यात आचार्यांकडे त्यांनी धर्मविधिशास्त्र (फिक्ह) आणि तर्काधिष्ठित धर्ममीमांसा (कलाम) यांचे अध्ययन केले. जुवैनी यांच्या निधनानंतर त्यांना सेल्जुक साम्राज्याचा वजीर निजाम-उल-मुल्क याचा आश्रय मिळाला. वजिराने १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात त्यांची मुख्य आचार्य म्हणून नेमणूक केली. त्या वेळी ते अवघे तेहतीस वर्षांचे होते. तेथे आपल्याकडे तीनशे विद्यार्थी शिकत असत, असा उल्लेख त्यांनी केला आहे.

अध्यापनातून उरलेल्या वेळात त्यांनी कोणत्याही गुरूच्या साहाय्याविना तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचले. त्यासाठी दोन वर्षांहून थोडा कमी काळ लागला व पुढे सुमारे वर्षभर त्यांनी त्या वाचनाचे मनन केले. या अभ्यासाचे फलित म्हणजे ‘तहाफुत अल-फलासिफा’ (तत्त्वज्ञांची विसंगती) हा ग्रंथ होय. तो १०९५ मध्ये पूर्ण झाला. कीर्तीच्या या शिखरावर असतानाच त्यांनी बगदाद सोडले. त्यामागील कारणे ‘मुन्किझ’मध्ये त्यांनी स्वतः सांगितली आहेत.

संशयाचा काळ

ग्रंथाचा आरंभ एका साध्या निरीक्षणाने होतो. ख्रिस्ती घरातील मूल ख्रिस्ती होते, ज्यू घरातील मूल ज्यू होते आणि मुस्लिम घरातील मूल मुस्लिम होते. मग आपली श्रद्धा खरी म्हणून आपण धरली आहे की केवळ आईवडिलांकडून आली म्हणून, असा प्रश्न गझाली यांना पडला. विचार न करता वारशाने स्वीकारलेल्या श्रद्धेला अरबीत ‘तक्लीद’ म्हणतात. आपली श्रद्धा ही तक्लीद आहे, हे ज्याला उमगले त्याला तिच्याकडे परतता येत नाही, असे ते सांगतात. त्यासाठी ते काचेची उपमा देतात : फुटलेली काच सांधता येत नाही, ती वितळवून नव्यानेच घडवावी लागते.

त्यानंतर त्यांनी ज्ञानाच्या साधनांची परीक्षा घेतली. डोळ्यांना सावली स्थिर दिसते, पण काही काळाने पाहिले असता ती सरकलेली आढळते. तारा दिनार नाण्याएवढा दिसतो, पण भूमितीच्या आधारे तो पृथ्वीहूनही मोठा असल्याचे सिद्ध होते. याचा अर्थ इंद्रियांचा निर्णय बुद्धी खोटा ठरवते. मग बुद्धीचाही निर्णय खोटा ठरवणारा आणखी वरचा न्यायाधीश नसेलच कशावरून? स्वप्न पाहणाऱ्याला स्वप्न खरेच वाटते व जागे झाल्यावर त्याचा फोलपणा कळतो. आपली जागृतीही तशीच एखाद्या वरच्या जागृतीच्या तुलनेत स्वप्नवत असू शकेल.

या शंकेला तर्काने उत्तर देता येईना. उत्तरासाठी प्रमाण हवे आणि प्रमाण रचायचे तर बुद्धीची मूलतत्त्वे आधीच मान्य असायला हवीत. शंका तर त्यांच्याविषयीच होती. हा आजार सुमारे दोन महिने टिकला. तो कोणत्याही युक्तिवादाने बरा झाला नाही, तर ईश्वराने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने बरा झाला, असे गझाली लिहितात. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. या प्रकाशाने त्यांना प्रथम काही गूढ दर्शन घडवले नाही. बुद्धीच्या मूलतत्त्वांवरील त्यांचा गमावलेला विश्वासच त्याने परत मिळवून दिला.

चार मार्गांची परीक्षा

बुद्धीवर पुन्हा विश्वास बसल्यावर गझाली यांनी सत्यशोधकांच्या चार वर्गांची तपासणी केली.

धर्ममीमांसक (मुतकल्लिमून) : हे तर्काने धर्माचे रक्षण करतात. परंतु प्रतिपक्षाने मान्य केलेल्या गृहीतकांवर त्यांचे वाद उभे असतात. ज्याला काहीच गृहीत धरायचे नाही, त्याचे समाधान त्यांना करता येत नाही.

बातिनी : निर्दोष इमामाच्या उपदेशानेच सत्य कळते, असे यांचे मत आहे. इमामाकडून प्रत्यक्ष कोणते ज्ञान मिळाले, हे विचारल्यावर त्यांना उत्तर देता येत नाही, असा गझाली यांचा आक्षेप आहे.

तत्त्वज्ञ (फलासिफा) : यांच्या विद्यांचे गझाली सहा भाग करतात : गणित, तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान, अधिभौतिकी, राज्यशास्त्र व नीतिशास्त्र. गणित व तर्कशास्त्र यांत धर्माला बाधक असे काही नाही. त्यांचा मुख्य विरोध अधिभौतिकीतील तीन मतांना आहे : विश्व अनादी आहे, ईश्वराला केवळ सामान्यांचे ज्ञान असते व विशेषांचे नसते, आणि मृत्यूनंतर देहाचे पुनरुत्थान होत नाही.

सूफी : यांचा मार्ग ज्ञान व आचरण या दोन्हींनी पुरा होतो. गझाली यांनी अबू तालिब अल-मक्की, अल-मुहासिबी, जुनैद, शिबली व अबू यझीद बिस्तामी यांचे ग्रंथ व वचने अभ्यासली. पुस्तकातून जेवढे कळण्याजोगे होते तेवढे कळले आणि उरलेले केवळ अनुभवानेच मिळणारे आहे, हे त्यांच्या लक्षात आले. आरोग्याची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे. आजारी वैद्याला आरोग्याची व्याख्या, कारणे व औषधे ठाऊक असतात, तरीही आरोग्य त्याच्यापाशी नसते.

बगदादचा त्याग

येथून पुढे प्रश्न ज्ञानाचा राहिला नाही, तो धैर्याचा झाला. आपल्या अध्यापनामागील हेतू ईश्वरप्रीत्यर्थ नसून मानसन्मानाचा आहे, याची जाणीव गझाली यांना टोचू लागली. १०९५ मध्ये सुमारे सहा महिने त्यांच्या मनाची ओढाताण चालली. एके दिवशी ते निघण्याचा निश्चय करत आणि दुसऱ्या दिवशी तो मोडत. शेवटी त्यांची वाणीच बंद झाली. विद्यार्थ्यांसाठी एखादा दिवस तरी शिकवावे म्हणून प्रयत्न करूनही तोंडातून शब्द फुटेना. अन्नपाणी पोटात जाईना. हा विकार मनातून शरीरात उतरला आहे आणि मनाची चिंता मिटल्याशिवाय त्यावर उपाय नाही, असे सांगून वैद्यांनी हात टेकले.

अखेर मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून त्यांनी उरलेली संपत्ती वाटून टाकली. मक्केच्या यात्रेचे निमित्त सांगून ते नोव्हेंबर १०९५ मध्ये बगदादबाहेर पडले व दमास्कसला गेले. तेथील मशिदीच्या मनोऱ्यात दार लावून ते दिवसचे दिवस एकांतात राहत. पुढे जेरुसलेम, हेब्रॉन, मक्का व मदिना येथे जाऊन ते मायदेशी परतले. एकांतवासाचा हा काळ सुमारे अकरा वर्षांचा होता. ११०६ मध्ये वजीर फख्र-उल-मुल्क याच्या आग्रहावरून त्यांनी निशापूरच्या निजामिया मदरशात पुन्हा अध्यापन स्वीकारले. पूर्वी आपण मान मिळवून देणारी विद्या शिकवत होतो आणि आता मानाचा त्याग करायला लावणारी विद्या शिकवतो, असा फरक ते नोंदवतात.

बुद्धीपलीकडील अवस्था

मनुष्याची ज्ञानशक्ती पायरीपायरीने उमलते, असे गझाली यांचे प्रतिपादन आहे. प्रथम स्पर्श, मग दृष्टी, श्रवण व रुची. सातव्या वर्षाच्या सुमारास विवेक. त्यानंतर शक्य, अशक्य व आवश्यक यांचे ज्ञान देणारी बुद्धी. प्रत्येक पायरीवरील विषय खालच्या पायरीला अगम्य असतात. जन्मांध मनुष्याने रंगांविषयी कधी ऐकलेच नसेल, तर प्रथमच सांगितल्यावर त्याला ते पटणार नाही. त्याचप्रमाणे बुद्धीनंतर आणखी एक डोळा उघडतो व त्याला बुद्धीच्या कक्षेबाहेरील गोष्टी दिसतात. प्रेषितत्व (नुबुव्वत) ही त्या अवस्थेची पूर्णता होय. सामान्य माणसाला तिची चुणूक स्वप्नात मिळते.

या संदर्भात ते तीन शब्दांत भेद करतात. प्रमाणाने सिद्ध होते ते ज्ञान (इल्म). स्वतः त्या स्थितीत असणे ही अनुभूती (झौक, शब्दशः ‘चव’). अनुभवी व्यक्तींचे सांगणे सद्भावाने स्वीकारणे ती श्रद्धा (ईमान). म्हणजेच श्रद्धा ही येथे तर्काच्या अभावी मारलेली उडी नाही. वैद्यावर रुग्ण ठेवतो तशा स्वरूपाचा तो विश्वास आहे. एखादी व्यक्ती वैद्य आहे हे तिचे वैद्यक अभ्यासल्याने कळते. प्रेषिताची ओळखही त्याच्या शिकवणुकीच्या अभ्यासाने व आचरणाने पटते, असे ते म्हणतात. उपासनेतील ठरावीक संख्या व क्रम यांची तुलना ते औषधांच्या गुणांशी करतात. तर्काने न उलगडणारे गुण लोक अन्यत्र मान्य करतात, हे दाखवण्यासाठी ते नऊ घरांच्या मायाचौरसाचे उदाहरण देतात. त्यातील कोणत्याही ओळीची बेरीज १५ येते व अडलेल्या बाळंतिणीसाठी तो त्या काळी वापरला जाई.

बुद्धीचे स्थान

‘मुन्किझ’मध्ये बुद्धीला मर्यादा घातली आहे, पण तिला पदच्युत केलेले नाही. दहा ही संख्या तीनहून मोठी आहे, हे ठाऊक असताना कोणी तीन मोठे असल्याचे सांगितले आणि पुराव्यादाखल काठीचा साप करून दाखवला, तर त्याच्या सामर्थ्याचे नवल वाटेल. परंतु दहा आणि तीन यांविषयी शंका येणार नाही, असे गझाली लिहितात. चमत्कार गणिताला खोटे पाडू शकत नाही. ग्रहणांचे गणित धर्माच्या नावाखाली नाकारणाऱ्यांना ते धर्माचे अडाणी मित्र म्हणतात. अशा मित्रांमुळे धर्माची अधिक हानी होते, असे त्यांचे मत आहे. अखेरच्या काळात लिहिलेल्या ‘अल-मुस्तस्फा’ (११०९) या विधिशास्त्रीय ग्रंथालाही त्यांनी तर्कशास्त्राची प्रस्तावना जोडली.

टीका व मतभेद

कॉर्डोबाचे इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी ‘तहाफुत अल-तहाफुत’ या ग्रंथात गझाली यांच्या तत्त्वज्ञानविरोधी आक्षेपांचे खंडन केले. धर्मच बुद्धीने विचार करण्याची आज्ञा देतो, अशी त्यांची भूमिका होती. गझाली सूफींमध्ये सूफी आणि तत्त्वज्ञांमध्ये तत्त्वज्ञ होतात, असा दोषही त्यांनी दाखवला.

विसाव्या शतकातील काही अभ्यासकांनी आत्मकथनाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली. निजाम-उल-मुल्कची १०९२ मध्ये हत्या झाली होती व गझाली यांनी बातिनींविरुद्ध लेखन केले होते. त्यामुळे बगदाद सोडण्यामागे राजकीय भीती असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. अन्य अभ्यासक आध्यात्मिक कारणच मुख्य मानतात. इस्लामी जगातील विज्ञानाच्या ऱ्हासाला गझाली जबाबदार आहेत, हे एके काळी रूढ असलेले मतही आता बहुतेक इतिहासकार स्वीकारत नाहीत.

अनुभवातील सत्य शब्दांत सांगता येत नसेल, तर खरा अनुभव व भ्रम यांतील फरक इतरांनी कसा ओळखावा, हा आक्षेप मात्र टिकून आहे. मार्गावर चालून पाहणे हीच कसोटी, असे गझाली यांचे त्यावर उत्तर आहे.

तुलना व भाषांतरे

संत ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’शी आणि फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त (१५९६–१६५०) यांच्या संशयपद्धतीशी या ग्रंथाची तुलना केली जाते. इंद्रियांचा भ्रम व स्वप्नाचा दाखला हे मुद्दे देकार्त यांच्याकडेही आढळतात. मात्र देकार्त विचार करणाऱ्या ‘मी’च्या अस्तित्वावर निश्चिती उभारतात, तर गझाली ती ईश्वरी प्रकाशाचे दान मानतात. ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर १८४२ मध्ये श्मोल्डर्स यांनी प्रसिद्ध केले. इंग्रजी भाषांतरांपैकी क्लॉड फील्ड (१९०९), मॉन्टगोमेरी वॉट (१९५३) व रिचर्ड मॅकार्थी (१९८०) यांची भाषांतरे परिचित आहेत.